सोमवारची गोळी

कडव्या वालांना मोड येऊ लागले की घरात एक वास सुटतो. ओलं गोणपाट आणि कच्ची शेंग एकत्र ठेवली तर येईल तसा. रोह्याच्या फ्लॅटमध्ये माझी सून रूपाली वाल भिजवते तेव्हा खिडक्या उघड्या ठेवते. इथं कासूजवळच्या आमच्या गावात श्रावणातल्या रविवारी कुणाच्याही दारात उभं राहा, हाच वास. कोपऱ्यात फडक्यात बांधलेलं गाठोडं, वर वजनाला पाण्याची कळशी. सोमवारी ते उघडायचं, कोमट पाण्यात वाल टाकायचे आणि चिमटीत एकेक दाणा दाबून साल काढायची. आतली डाळिंबी टुणकन बाहेर येते. संध्याकाळी उपास सोडायला त्याचंच बिरडं. ओलं खोबरं, आमसूल, चिमूटभर गूळ.

आज रविवार. सकाळी गाठोड्यावर हात ठेवला तर आतून ऊब लागली आणि गेल्या वर्षीचा श्रावण आठवला. तो काही छान नव्हता. तरी तोच डोक्यात असा ठाण मांडून बसलाय की त्याच्या आधीचे श्रावण आठवायला जोर लावावा लागतो.

श्रावण आमच्याकडे हात मोकळे होण्याचा महिना. लावणी उरकलेली असते, बेणायचं, म्हणजे तण काढायचं, काय ते थोडं राहिलेलं. बांधावरून चालताना पाय सरकतो, बेडूक उड्या मारतात. पेणला जावं तर गणपतीच्या कारखान्यांत रंगाचा वास आणि डोळे आखायचे राहिलेल्या मूर्ती ओळीनं बसलेल्या. घरात पापड सादळतात, काडेपेटीतली काडी पेटत नाही, लुगडं दोन दिवस दोरीवर असलं तरी काठ ओलाच. बायका एकमेकींच्या पडवीत बसतात. कामाच्या दिवसांत कुणाचं काय दुखतं ते कळत नाही. श्रावणात सगळ्यांची सगळी दुखणी बाहेर येतात. गुडघे, कंबर, दात आणि शुगर. आमच्या आळीत आता शुगर नसलेली म्हातारी शोधावी लागेल.

माझी शुगर कळली ती पायावरून. लावणीत पायाला काहीतरी लागलं, मला कळलंसुद्धा नाही. जखम चिघळली तेव्हा पेणच्या दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं. दोन प्रकारच्या गोळ्या मिळाल्या. एक सकाळी खाण्याच्या आधी, दुसरी जेवणानंतर. तिथल्या कंपाउंडरनं मोठ्यानं सांगितलं, "आजी, गोळी चुकवायची नाय." मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. सांगितलेलं तसंच्या तसं करायचं ही मला शाळेत लागलेली सवय. गोळी चुकवली नाही. लग्नाला गेले, मयताला गेले, गोळी कमरेच्या पिशवीत. चहातली साखर त्याच दिवशी सोडली. माझी धाकटी जाऊ गुलाब, भिंतीला भिंत लागून तिचं घर, तिलाही शुगर आहे. ती आठवण झाली तर गोळी घेते आणि लाडू समोर आला तर आठवण होऊ देत नाही. मी तिला बोलायची. ती म्हणायची, "बाय, तू परीक्षेला बसल्यावानी गोळ्या घेतेस गो. पास होऊन जायचंय कुठं?"

गेल्या वर्षी पहिल्या सोमवारी आम्ही दोघी माझ्या पडवीत वाल सोलायला बसलो. रूपाली आणि माझा मुलगा नितीन दोघंही रोह्याहून आले होते. नितीन धाटावला कंपनीत शिफ्टला आहे, त्याची त्या दिवशी सुट्टी होती. दुपार कलली होती. माझा उपास होता, सकाळी बिनसाखरेचा चहा आणि गोळी, एवढंच. पन्नास वर्षांत सोमवार मोडला नव्हता. मला घाम येत होता, पण श्रावणातल्या दमट दुपारी कुणाला घाम येत नाही? हात जरा थरथरत होता. तेही वयाला धरून.

सोलताना आपल्या पुढ्यात दोन भांडी असतात. टोपात डाळिंब्या, सुपात सालं. सालं नंतर गुरांना. मी सोलत होते आणि गुलाब तिच्या व्याह्यांच्या घरचं काहीतरी सांगत होती. मग मी उठले, सूप उचललं, आत जाऊन कढईत फोडणी दिली आणि वरून सगळं ओतलं. टोप घेऊन परसात गेले आणि गोठ्यात म्हशीपुढे रिकामा केला.

रूपाली चुलीजवळ आली, कढईत बघितलं आणि म्हणाली, "आई, हे काय?"

मी म्हटलं, "बिरडं."

"ही सालं हायत."

गुलाब धावत आली. आधी ती खो खो हसली. "आज म्हैस उपास सोडणार नि आपण गवत खायचं!" मलाही हसायला हवं होतं. मी मात्र तिच्या अंगावर ओरडले की तूच भांडी बदललीस, माझ्यावर घर चालू नये म्हणून तू करणी केलीस. असले शब्द मी जन्मात कधी वापरले नव्हते. गुलाबचं हसू तिथंच राहिलं. नितीन दारात उभा होता. त्यानं रूपालीकडे बघितलं, रूपालीनं त्याच्याकडे. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं ते मला दिसलं, एवढं मात्र पक्कं आठवतं.

रात्री भात आणि शेजारच्या घरून आलेलं बिरडं खाल्लं आणि माझं डोकं साफ झालं. गुलाबला जाऊन म्हटलं, मी काय बोलले गो? ती म्हणाली, "जाऊं दे. पण बाय, तुझे डोळे तुझे नव्हते."

ते वाक्य मला लागलं, कारण असे डोळे मी पाहिलेत. माझ्या सासूचे. शेवटची काही वर्षं तिला घरातली माणसं ओळखू येत नव्हती. मला ती माझ्या सासऱ्यांची बहीण समजायची आणि सासरी निघून जा म्हणायची. नेसलेलं सोडायची. भरल्या घरात उठून दार शोधायची. मी तिचं सगळं केलं, त्यात उपकार काही नव्हता, करायला दुसरं कुणी नव्हतं. ती तांब्याच्या तांब्या पाणी प्यायची. मोरीत तिनं लघवी केली की काळ्या मुंग्यांची रांग लागायची. आम्ही मुंग्यांवर राख टाकायचो. घरातल्या कुणाच्याच मनात आलं नाही की मुंग्या कशाला येतात ते विचारावं. तेव्हा डॉक्टर नागोठण्याला, आंबा नदीला पाणी चढलं की तिकडची वाट बंद. आणि म्हातारीचं डोकं गेलं म्हणून डॉक्टरकडे नेतात हेच कुणाला माहीत नव्हतं. म्हातारपण आलं की डोकं जातं, केस पिकतात तसं. सासूचं ते शुगरनं झालं की आणखी कशानं, आता कोण सांगणार? पण मुंग्या होत्या.

त्यामुळे सालांची फोडणी झाल्यावर मी घाबरले. मरणाला मी घाबरत नाही. मेल्यावर आपल्याला काही निस्तरावं लागत नाही. मला भय होतं ते घरातल्या माणसांनी माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलावं, जशी मी नाहीच, याचं. सासूसमोर आम्ही बोलायचो तसं.

दुसऱ्या सोमवारी मी पेणला निघाले, गोळ्या संपत आल्या होत्या. कासूच्या स्टेशनवर आले. या स्टेशनवर मी लग्न होऊन आल्यापासून येतेय. एका बाजूची गाडी पेण-पनवेलला, दुसऱ्या बाजूची नागोठणं-रोह्याला. बाकावर बसले आणि मला कळेना की जायचं कुठं. रूळ दोन्हीकडे सारखेच लांब गेलेले. पेण कुठल्या अंगाला, रोहा कुठल्या अंगाला, काही केल्या उमगेना. एक गाडी आली, थांबली, गेली. मी बसून. अंगातून पाणी सुटलं होतं. जवळच वाडीवरची एक भाजीवाली कुर्डूच्या जुड्या घेऊन बसली होती. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"आजी, कुनाकडं जायचं?"

"माहीत नाय."

"उपास हाय?"

मी मान हलवली. तिनं टोपलीतलं केळं काढलं, सोलून माझ्या हातात दिलं. "खा. केलं उपासाला चालतं. चक्कर आली तं मनाच निस्तरावं लागंल." पहिलं संपल्यावर दुसरं दिलं. थोड्या वेळानं पेण आपल्या जागेवर गेलं आणि रोहा आपल्या जागेवर. मी तिला पैसे देऊ लागले तर तिनं घेतले नाहीत, म्हणाली, "देवाच्या नावानं दिलंय, उगा देवाला परत करू नको." मी पुढच्या गाडीनं पेणला जाऊन आले.

हे मी घरी कुणाला बोलले नाही. पण आमच्याकडे स्टेशनवर घडलेली गोष्ट आपल्या आधी घरी पोचते. संध्याकाळी नितीनचा फोन. "आई, आता पुरे. श्रावण संपला की तू रोह्याला येतेस. घर बंद करू. शेत गुलाबकाकीकडं देऊ करायला." त्यानं ठरवूनच टाकलं होतं. मुलगा वाईट नाही. शिफ्ट सांभाळून, ट्रेन पकडून तो दर आठवड्याला येतो. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणूनच भांडता येईना.

रोह्याचा फ्लॅट चांगला आहे. नळाला पाणी आहे, लादी पांढरी आहे. वारा धाटावच्या केमिकल कंपन्यांकडून आला की रूपाली म्हणते, खिडकी लावा. तिथं मी पाहुणी म्हणून चार दिवस राहते. पाचव्या दिवशी मला कळत नाही की सकाळी उठून करायचं काय. इथं उठलं की कोंबड्या सोडायच्या, म्हशीचं बघायचं, गुलाबशी एकदा तरी वाजायचं, शेतावर फेरी मारायची. तिथं टीव्ही असतो. माणसाचं डोकं जायचं असेल तर ते अशा रिकाम्या लादीवर लवकर घसरत जात असणार, हा माझा आपला अंदाज. तेव्हा तो कुणाला सांगायची सोय नव्हती. सालं शिजवणाऱ्या बाईचा अंदाज कोण ऐकतो?

मी एकच अट घातली. घर बंद करायच्या आधी डॉक्टर बघू दे. नितीन म्हणाला, बघू दे.

मंगळवारी रोह्याला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी, नितीन, रूपाली आणि गुलाब. गुलाबला कुणी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, "मना पण शुगर हाय, मी काय नुसतीच येते?" डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी मला वार विचारला, महिना विचारला. तीन वस्तूंची नावं सांगितली आणि नंतर विचारीन म्हणाल्या. कागदावर घड्याळ काढायला लावलं. मी काढलं. सगळे आकडे आपल्या जागेवर बसले. तीन नावं विचारली तेव्हा मी सांगितली. मागून गुलाबनंही सांगितली, त्यातलं एक चुकीचं.

"आजी तर ठीक दिसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग होतं कधी असं?"

नितीननं वालाचं सांगितलं, स्टेशनचं सांगितलं. रूपाली म्हणाली, मधले दिवस बऱ्या असतात, पण विसरतात, फोनवर नीट ऐकत नाहीत. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलणं सुरू झालंच होतं.

मग गुलाब मधे पडली. "बाईसाहेब, ही बाकीच्या दिवशी माज्याशी भांडायला पुरून उरते. सोमवार आला का हिचं बिनसतं. उपासाला. मी म्हटलं पन, महादेव अंगात येतो काय गो तुज्या?"

नितीन म्हणाला, "काकी, जरा थांब."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही, थांबू नका. आजी, सोमवारी काय खाता?"

"सकाळी चहा. बिनसाखरेचा. मग संध्याकाळी बिरडं-भात."

"आणि सकाळची गोळी?"

"घेते की. चुकवत नाय मी."

त्या मागे टेकल्या. नितीनकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघितलं, हे मला आवडलं. म्हणाल्या, ही गोळी साखर खाली आणते. पोटात काही असेल तर बरोबर आणते, पोट रिकामं असेल तर नको तितकी खाली आणते. मेंदू साखरेवर चालतो. त्याला ती मिळाली नाही की माणूस गोंधळतो, भांडतो, रस्ता विसरतो. तरुण माणसाला आधी घाम, थरथर, भूक कळते. वय झालं की कधी कधी सरळ डोकंच फिरतं, आणि घरच्यांना वाटतं म्हातारपण आलं. एकदा बिरडं-भातावर निभावलं, एकदा केळ्यावर, तिसऱ्यांदा तुम्ही बेशुद्ध पडला असता. असं वरचेवर झालं तर मेंदूला खरोखरच इजा होते.

"मना कुणी बोललं नाय," मी म्हटलं.

"बोलायला हवं होतं," त्या म्हणाल्या. कुणी ते त्या बोलल्या नाहीत.

गुलाबच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "म्हणजे गोळी नाय घेतली तर बरंच की!" डॉक्टरीणबाईंनी तिचं बोट टोचलं. मशीनवर जो आकडा आला तो बघून त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि माझ्यापेक्षा जास्त वेळ तिच्यावर खर्च केला. साखर वर्षानुवर्षं वर राहिली तर बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, डोळ्यांतल्या, पायांतल्या आणि डोक्यातल्याही. तुम्ही एका बाजूनं पडताय, तुमच्या जाऊबाई दुसऱ्या बाजूनं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही आणि आपल्या मनानं उपाशीपोटी गिळायचीही नाही, विचारायचं. गुलाबनं येताना गाडीत गोळ्यांची पाकिटं दोनदा मोजली. तिला तसं मी क्वचितच पाहिलं आहे.

माझी सकाळची गोळी बदलली. रक्तात एक जीवनसत्त्व कमी निघालं, जेवणानंतरची ती दुसरी गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींचं ते कमी होतं म्हणे, त्यानंही विसरायला होतं आणि पायाला मुंग्या येतात. त्याच्या सुया घेतल्या. फोनवर ऐकू येत नाही ते डोक्यामुळं की कानामुळं, हे बघायला कान तपासले. कानच होते. आता कानाला मशीन लावलंय. ते लावल्यापासून गुलाब माझ्याबद्दल माझ्या पाठीमागे काय बोलते तेही कळतं.

मात्र डॉक्टरीणबाईंनी मला फुलवून परत पाठवलं नाही. म्हणाल्या, सोमवारचं कारण सापडलं, म्हणून सगळंच त्यामुळं असेल असं नाही. वय आहे, शुगर जुनी आहे. जेवलेलं असताना, आकडा बरोबर असताना विसरायला झालं तर लपवू नका, या. वेळेत कळलं तर करण्यासारखं असतं. नितीनला म्हणाल्या, घर बंद करायची घाई करू नका, पण डोळे मिटूनही राहू नका. नितीननं घर बंद करायचं पुढे ढकललं. मोडलं नाही, ढकललं.

गोळीला वेळ आहे आणि बाईच्या जेवणाला नाही, हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. गोळी आठ वाजता घ्यायची, कारण डॉक्टरनं सांगितलं. जेवायचं मात्र बाप्ये जेवल्यावर, पोरं जेवल्यावर, कुणी आलं-गेलं की त्यानंतर, म्हशीचं झाल्यावर. उरलं तर भाजी, नाहीतर चटणी. उपास नसलेल्या दिवशीही कितीदा दोन वाजलेत. आळीतल्या साऱ्या म्हाताऱ्या अशाच गोळ्या घेतात. दुपारी कुणीतरी पडवीत बसल्या बसल्या बधिर होते आणि सगळ्या म्हणतात, तिला झोप येतेय. मी आता कुणी बधिर दिसली की विचारते, जेवलीस काय गो? पहिल्यांदा त्यांना वाटलं मी पंक्तीला बसवतेय.

आता मी नाश्त्याला पहिली बसते. घरात पाव्हणा असला तरी. एकदा आमच्या चुलतदिरांनी भुवया वर केल्या. मी म्हटलं, भावोजी, तुम्हाला वाढायला मी शुद्धीवर लागते ना? तेव्हापासून ते बघत नाहीत. पायाला काही लागलंय का ते रोज रात्री आरशात बघते, कारण पाय सांगत नाहीत. बांधावरून चालते, गुलाबला ओढून नेते. चालताना तिची बडबड ऐकणं हाही डोक्याचा व्यायामच असणार. ज्या साखरेपासून इतकी वर्षं मला दूर ठेवलं तिचीच पुडी कमरेच्या पिशवीत ठेवायला सांगितली आहे. डोकं गरगरलं की आधी ती तोंडात, मग बाकीचे विचार.

उपासाचं सोपं नव्हतं. गेल्या श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मी दुपारी सगळ्यांसमोर भाकरी खाल्ली. महादेवाच्या देवळात बायका कुजबुजल्या. एकजण तोंडावर म्हणाली, "इतकी वर्सं धरलास नि शेवटाला सोडलास? देव काय म्हनंल?" मी म्हटलं, देव काय म्हणायचा तो माझ्याशी म्हणेल, मी तेव्हा शुद्धीवर असले म्हणजे झालं. बोलले खरी, पण भाकरीचा प्रत्येक घास मोजून खाल्ला होता हेही खरं. पन्नास वर्षांची सवय अंगातून जाताना काहीतरी घेऊन जाते. पिंडीवर बेल ठेवला, नमस्कार केला. मला शिक्षा झाली नाही आणि बक्षीसही मिळालं नाही. दुपारभर डोकं जागेवर राहिलं.

वर्ष झालं त्याला. नितीन अजून दर आठवड्याला येतो. आल्यावर माझ्याकडे जरा जास्त वेळ बघतो, मी टोप कुठं ठेवते, गॅस बंद करते का. मला ते कळतं. मी त्याला बघू देते.

आज दुपारी जेवण झाल्यावर गुलाब आली. गप्पांत तिनं विचारलं, "तुझी ती नागोठण्याला दिलेली बहीण, तिचं नाव काय गो?" मी तोंड उघडलं आणि नाव नव्हतं. तिचा चेहरा होता. तिच्या डाव्या हातावरचं गोंदण होतं. ती वारली त्या दिवशीचा पाऊस होता. नाव नव्हतं. सख्खी बहीण, माझ्या पाठची. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. गुलाब गेल्यावर घरातलं शुगर बघायचं मशीन काढलं, बोट टोचलं. आकडा जिथं असायला हवा तिथंच. पोट भरलेलं, गोळी वेळेवर, सोमवार नाही. बोट दाखवायला काहीच नव्हतं. मी बराच वेळ पडवीत बसून राहिले. कोंबड्या घरात आल्या तेव्हा नाव आपणहून आलं. द्रौपदी.

हे कुणाला कळलं नसतं. गुलाब विसरूनही गेली असेल. मी सांगितलं नसतं तर नितीनच्या मनात घर बंद करायचा विषय आणखी एक वर्ष तसाच पडून राहिला असता. सांगितलं तर तो उद्याच वर येईल. मी फोन लावला.

"नितीन, आज रविवार हाय. मी जेवलेय. मशीनवर आकडा बरोबर हाय. तरी दुपारपासून सांजेपर्यंत मना माझ्या बहिणीचं नाव आठवलं नाय."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"आता आठवलं?"

"आठवलं. पण तुला सांगायचं होतं म्हणून सांगतेय. मंगळवारी शिफ्ट बघ, डॉक्टरीणबाईंकडं जाऊ. घराचं काय करायचं ते त्यांनी बघितल्यावर तू नि मी बसून बोलू. मी नसताना बोलायचं नाय."

"नाय बोलणार," तो म्हणाला. मग हळूच, "आई, मावशीचं नाव काय होतं गो? मला पण येत नाय."

"द्रौपदी."

"व्हय. द्रौपदीमावशी." तो हसायला लागला. सुटल्यासारखा हसत होता.

मी हसले नाही. त्याच्या आजीच्या मोरीत मुंग्या होत्या, मला शुगर आहे, काकीला आहे आणि त्याची चाळिशी उलटून गेली आहे. रात्रपाळीला तो काय नि केव्हा खातो ते मला माहीत आहे.

"मंगळवारी सकाळी चहा पिऊ नको," मी म्हटलं. "तुझं पण रक्त द्यायचंय."